हळू श्वासाच्या सरावासाठी ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्यावा का स्मार्ट घड्याळावरच भागतं?

आधी एक गोष्ट ठरवा म्हणजे पैसे वाचतील. तुम्हाला नुसतं "आता श्वास घ्या, आता सोडा" सांगणारं कोणी पाहिजे, का आपल्या श्वासाबरोबर ठोके कसे वर-खाली होतात ते समोर स्क्रीनवर बघायचंय? पहिलंच पाहिजे असेल तर काहीच घेऊ नका भो, ५ सेकंद आत ५ सेकंद बाहेर सांगणारी फुकट ॲप्स ढिगाने आहेत. आणि मोबाईलही नको असेल तर जप करा, मस्करी नाही करत, २००१ साली इटलीतल्या बर्नार्डी यांच्या टीमने माळेवरची आवे मारिया प्रार्थना आणि ॐ मणि पद्मे हूँ म्हणणाऱ्या लोकांची मापं घेतली तर दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला.

दुसरं पाहिजे असेल तर मग मशीनचा विषय. श्वास आत घेताना ठोके थोडे जलद होतात, सोडताना मंदावतात, आणि मिनिटाला सहाच्या जवळपास श्वास असला की हा चढउतार सगळ्यात मोठा होतो कारण ब्लडप्रेशर सांभाळणारी शरीराची यंत्रणाही त्याच लयीत सापडते. बायोफीडबॅक म्हणजे हाच चढउतार बघत बघत श्वास जुळवायचा. आता हे दिसायला दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदात लागतं, त्याला आरआर इंटरव्हल म्हणतात, सगळी गाडी तिथंच अडते.

मनगटावरचं घड्याळ हिरव्या लाईटने रक्ताची हालचाल बघतं आणि बहुतेक वेळा काही सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवतं. मेहरूण तलावावर सकाळी चालताना तेवढं भरपूर झालं, पण इथं आख्खा श्वासच १० सेकंदांचा, त्यात सरासरी काढली तर ठोक्यांच्या चढउताराचं वळण सपाट होतं आणि उशिरा येतं, म्हणजे तुम्ही श्वास सोडताय आणि स्क्रीन अजून मागच्या श्वासाचं सांगतेय. बरीच घड्याळं दुसऱ्या ॲपला नुसता ठोक्यांचा आकडा पाठवतात, आरआर पाठवतच नाहीत. घरात घड्याळ पडलेलंच असेल तर वापरा, पण मुद्दाम यासाठी घेऊ नका.

छातीचा पट्टा हृदयाची विजेची लहर थेट पकडतो म्हणून प्रत्येक ठोका वेगळा मिळतो. पोलर कंपनीचा एच१० यात सगळ्यात नावाजलेला, त्याच्या निम्म्याहून कमी पैशातही पट्टे येतात आणि नुसतं बसून श्वास घ्यायला तेही चालतात, फक्त घेण्याआधी आरआर देतो का आणि ब्लूटूथवर चालतो का एवढं बघा. एलिट एचआरव्ही सारख्या ॲपला जोडला की काम सुरू. मिनिटाला ६.५, ६, ५.५, ५, ४.५ श्वास अशा गतीने दोन-दोन मिनिटं श्वास घेऊन बघा, जिथं चढउतार सगळ्यात मोठा आणि गोल दिसेल ती तुमची गती. फक्त श्वास हळू घ्यायचा, मोठामोठा ओढायचा नाही, नाहीतर गरगरतं.

आता आपल्याकडची अडचण. पट्ट्याच्या आतल्या बाजूला ती लहर पकडणाऱ्या दोन छोट्या पट्ट्या असतात त्या ओल्या लागतात. पळताना घामानेच ओल्या राहतात, पण आपण बसणार कूलरसमोर, आणि मे महिन्यात भुसावळ ४५ च्या पुढे गेलं की ती कोरडी हवा पाणी लगेच सुकवते, वर टेरिकॉटचा शर्ट असला की घर्षणाची वीज वेगळीच. मग स्क्रीनवर मधेच सुळका येतो, वाटतं हृदयाला काय झालं, तर काही नाही, पट्टा सुकला. पाण्याऐवजी मेडिकलवर मिळणारी ईसीजीची जेली लावा, जास्त टिकते, नंतर पट्टा धुवा नाहीतर घामाचं मीठ चढून कडक होतो. आणि पट्ट्यावर लावायची सेन्सरची डबी वापरून झाल्यावर काढून ठेवा, ओल्या पट्ट्यावर तशीच राहिली तर सेल उतरत राहतो.

कानाच्या पाळीला लावायची क्लिप हा मधला मार्ग, आणि मला वाटतं लोक उगाच विसरतात. लाईटवरच चालते पण माणूस गप्प बसलेला असतो तर पुरेशी अचूक येते. आमच्या आईने पट्टा बघूनच नाही म्हटलं, साडी-ब्लाऊजच्या आत ओलं कोण बांधणार, क्लिप मात्र लावून बसते. हार्टमॅथ कंपनीची इनर बॅलन्स यातलीच, पण ती स्वतःच्या ॲपपुरती, आणि पळायला उपयोगाची नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून पण मोजता येतं, फुकट आहे, पण उन्हाळ्यात फ्लॅशने फोन तापतो आणि धुळ्याच्या डिसेंबरात बोटं गार पडली की सिग्नल येत नाही, तर चव बघण्यापुरतं ठीक.

म्हणजे पळणं, सायकल आणि श्वास तिन्ही करत असाल तर डोळे झाकून पट्टा, फक्त बसून करायचं आणि घरात चार जण वापरणार असतील तर क्लिप. ठोके अनियमित असतील, पेसमेकर असेल तर यातलं काहीही घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, अनियमित ठोक्यात हे वळण खोटंच दिसतं. बीपीची बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके मुळातच मंद असतात, वय वाढलं की चढउतारही लहान होतो, त्यामुळे पोराच्या स्क्रीनशी बापाने स्वतःची स्क्रीन लावून बघू नये.