छोटा कॅम्पर ट्रेलर: काही महिन्यांचा वापर आणि दोन सफरींमधलं काम

ट्रेलरबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक आत झोप कशी लागते, गाडीमागे ओढायला कसा आहे, छत किती पटकन उघडतं याबद्दल. ते हवंच. पण काही महिने नियमित वापरल्यावर माझं मत असं झालंय की छोटा ट्रेलर निवडताना तो दोन सफरींच्या मधे किती काम मागतो, हे आधी बघावं. परतल्यानंतरचं काम अर्ध्या दिवसात उरकत असेल तर माणूस पुन्हा लवकर निघतो. दोन दिवस लागत असतील तर ट्रेलर उभाच राहतो.

आमचा ट्रेलर दोन माणसांचा, एकाच अॅक्सलचा, म्हणजे चाकांची एकच जोडी असलेला. भिंती कडक, छत वर उचललं जातं आणि मधे कॅनव्हासचा पट्टा. आत दोन बर्नरची शेगडी, कॉम्प्रेसरचा फ्रिज, ५० लिटरची स्वच्छ पाण्याची टाकी, सांडपाण्याची वेगळी टाकी, कॅसेट टॉयलेट (ज्याची मैल्याची छोटी टाकी, म्हणजे कॅसेट, बाहेर ओढून रिकामी करता येते) आणि लिथियम बॅटरी. म्हणजे छोट्या ट्रेलरमधे साधारण जे असतं ते सगळं.

सुरुवात ओलीपासून करते, कारण माझ्या अनुभवात निम्मं काम तिचंच आहे. मळ आठवड्याने काढला तरी निघतो. ओलसर राहिलेल्या कापडावर किंवा प्लायवूडवर बुरशी धरायला मात्र २४ ते ४८ तास पुरतात, आणि एकदा तो कोंदट वास गादीत शिरला की तो जाता जात नाही. म्हणून ट्रेलर जागेवर लागला की मी झाडू आधी हातात घेत नाही. आधी छत वर, सगळ्या खिडक्या उघड्या, कपाटांची दारं आणि खण उघडे, गादी उचलून कडेवर उभी. सामान उतरवणं त्यानंतर.

गादीचं तर आवर्जून सांगायला हवं. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभर वाफ निघत असते. ती गादीतून खाली झिरपते आणि खालच्या थंड फळीला लागली की तिचं पाणी होतं. वरून गादी कोरडी लागते, खाली हात घातला तर ओल. आमच्या ट्रेलरला उत्पादकाने गादीखाली सलग प्लायवूड दिलंय, हवा जायला एक भोकसुद्धा नाही. एवढ्या छोट्या जागेत ही मोठी उणीव आहे. आम्ही वर लाकडी पट्ट्यांची जाळी टाकली आणि फरक पहिल्याच थंड रात्री दिसला. तरीही परतल्यावर गादी उभी करायची सवय सोडलेली नाही.

कॅनव्हासचा नियम एकच: तो कोरडाच मिटायचा. शेवटच्या सकाळी पाऊस असेल तर ओला मिटावा लागतो, त्याला इलाज नाही. पण मग घरी पोचल्यावर त्याच दिवशी तो पुन्हा उघडायचा, दमलो असलो तरी. चिखलाचे डाग पूर्ण वाळू द्यायचे, मऊ ब्रशने झटकायचे आणि उरलेलं साध्या थंड पाण्याने पुसायचं. कपडे धुण्याची पावडर इथे चालत नाही. ती पाणी न शिरू देणारा थर धुऊन काढते आणि तिचा अंश कापडात राहिला की कापड उलट पाणी ओढून घेऊ लागतं. ब्लीचने धागा कमजोर होतो. पावसाचे थेंब कॅनव्हासवर घरंगळायचे थांबून पसरायला लागले की समजावं, वॉटरप्रूफिंगचा स्प्रे पुन्हा मारायची वेळ आली.

आतली झाडलोट मी वरून खाली करते. आधी छताचा पंखा आणि त्याची जाळी, मग कपाटांचे माथे, ओटा, शेवटी जमीन. जागा इतकी लहान आहे की नीट केलं तर हे काम फार वेळ घेत नाही. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर मात्र वेगळी गोष्ट. ट्रेलर धावत असताना त्याच्या मागच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि जिथे फट असेल तिथून धूळ आत ओढली जाते. अशा सफरीनंतर धूळ नेमकी कुठून आत आली त्याच्या रेघा दिसतात, बहुतेक दाराच्या रबरालगत. पुसून टाकण्याआधी त्या रेघा बघून घ्याव्यात. तिथलं रबर स्वच्छ करून त्यावर सिलिकॉनचा हात फिरवला की ते मऊ राहतं आणि दार पुन्हा नीट बसतं. पेट्रोलियम जेली त्यासाठी वापरू नये, तिने रबर फुगतं.

खिडक्यांबद्दल एक सूचना, कारण इथे नुकसान कायमचं होतं. बहुतेक ट्रेलरच्या खिडक्या काचेच्या नसतात, अॅक्रिलिकच्या असतात. घरातल्या काचेसाठीचा अमोनिया किंवा अल्कोहोल असलेला स्प्रे त्यांवर मारला तर आतून बारीक तडे जातात, आणि ते पॉलिश करूनही जात नाहीत. आधी भरपूर पाणी ओतून धुळीचे कण वाहू द्यायचे, मग सौम्य साबणाचं पाणी आणि मायक्रोफायबरचं कापड. कोरड्या फडक्याने घासणं म्हणजे धुळीनेच खिडकी खरवडणं.

फ्रिज बंद करून तासाभराने आतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसते. दाराच्या रबराच्या घड्यांत सांडलेलं काहीतरी हमखास असतं, तिथे जुना टूथब्रश चांगला चालतो. मग दार पूर्ण बंद करायचं नाही. मधे टॉवेलची घडी अडकवून ते बोटभर उघडं ठेवायचं. बंद फ्रिजमधे उरलेली दमट हवा आठवडाभरात वास धरते.

आता पाणी. इथे मी थोडी कडक आहे, कारण या टाकीतलं पाणी आपण पितो, निदान त्याने भांडी धुतो. ट्रेलर काही दिवस उभा राहणार असेल तर टाकी, पंप, नळ्या सगळं रिकामं करते. साचून राहिलेल्या कोमट पाण्यात टाकीच्या आतल्या भिंतींवर बुळबुळीत थर बसतो, आणि नंतर नुसतं ताजं पाणी भरून तो जात नाही. दर काही महिन्यांनी, आणि ट्रेलर बराच काळ वापराविना राहिला असेल तर हमखास, टाकी निर्जंतुक करते. ५० लिटर पाण्याला ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं, कुठलाही सुगंध न घातलेलं साधं ब्लीच ५० मिली. म्हणजे दशलक्ष भागांत साधारण ५० भाग क्लोरीन. ते आधी बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओतायचं, टाकी काठोकाठ भरायची आणि क्लोरीनचा वास येईपर्यंत प्रत्येक नळ चालू ठेवायचा. गार पाण्याचा वेगळा, गरम पाण्याचा वेगळा, बाहेरचा शॉवर असेल तर तोही. रात्रभर तसंच ठेवून सकाळी रिकामं करायचं आणि वास जाईपर्यंत ताज्या पाण्याने धुवायचं.

दोन गोष्टी त्याआधी करायच्या. कार्बनचा फिल्टर असेल तर काढून ठेवायचा, नाहीतर तो क्लोरीन शोषून घेतो आणि नळांपर्यंत काही पोचतच नाही. आणि ब्लीचची बाटली जुनी नाही ना, ते बघायचं, कारण पडून राहिलेल्या ब्लीचचा जोर उतरत जातो. नळांवर क्षार बसले असतील तर सायट्रिक अॅसिड उत्तम, पण वेगळ्या दिवशी आणि मधे टाकी पूर्ण धुऊन. ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ट्रेलरच्या बंदिस्त जागेत हा धोका फार मोठा आहे. व्हिनेगरही आम्लच, हे लक्षात असू द्यावं.

सांडपाण्याच्या टाकीला एवढी निगा लागत नाही. परतीच्या रस्त्याला लागताना तिच्यात थोडं पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड सोडलं की प्रवासातल्या हेलकाव्यांनी ती आपोआप घुसळली जाते. मग योग्य जागी रिकामी करायची आणि व्हॉल्व्ह काही वेळ उघडा ठेवायचा. कॅसेट टॉयलेटचं काम कोणालाच आवडत नाही, पण त्याच दिवशी केलं तर ते लवकर संपतं. रिकामं करा, दोन-तीनदा खळखळून धुवा, आणि सरकत्या झाकणाच्या रबरी सीलला सिलिकॉन लावा. ते सील सुकलं की चिकटतं, मग फाटतं, आणि मग वास थांबवणारं काही उरत नाही. कॅसेट सेप्टिक टँकला जोडलेल्या ठिकाणी रिकामी होणार असेल तर फॉर्मल्डिहाइड असलेलं रसायन घालू नका. टँकमधले जे जिवाणू मैला कुजवतात त्यांनाच ते मारतं.

सामान पुन्हा भरण्याबद्दल माझं ठाम मत आहे: ट्रेलर निघायच्या आदल्या रात्री भरायचा नाही, परतल्यावर भरायचा. काय संपलं ते परतल्या दिवशी डोळ्यांसमोर असतं. तीन आठवड्यांनी ते आठवून यादी करावी लागते आणि नेमकं लायटर किंवा फ्यूज राहून जातं. आम्ही लांबलचक यादी ठेवत नाही. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे आणि त्या जागेत तिचा ठरलेला साठाच मावतो. खण उघडला की रिकामी जागा दिसते, ती भरली की काम झालं. मीठ, तेल, साबण, कचऱ्याच्या पिशव्या, टॉयलेट पेपर, भांड्यांचा स्पंज, पाती-फ्यूज, सेल, सगळं असंच. आणि ट्रेलरचं सामान ट्रेलरचंच असतं. सुरी, कात्री, टॉर्च घरातून न्यायची आणि परत आणायची पद्धत आम्ही पूर्ण बंद केली. त्या एका निर्णयाने निघण्याची धावपळ सर्वांत जास्त कमी झाली.

खाण्याचं मात्र काहीही मागे ठेवत नाही, घट्ट झाकणाच्या डब्यातलं मीठ-साखर सोडून. पाकिटं उंदीर कुरतडतात, आणि एकदा आत आले की वायरी आणि गादीसुद्धा. पाइप किंवा वायर जमिनीतून आत येते तिथल्या फटींत स्टील वूल कोंबून ठेवलंय, ते त्यांना कुरतडता येत नाही. प्रथमोपचाराच्या पेटीतल्या औषधांच्या मुदतीच्या तारखा याच वेळी बघून होतात.

गॅस किती उरलाय, हे सिलिंडर हलवून कळत नाही. वजन करायचं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्यावरच कोरलेलं असतं, ते वजा केलं की उरलेला गॅस कळतो. सिलिंडर पुन्हा जोडला की जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघते. हा गॅस हवेपेक्षा जड, प्रोपेन सुमारे दीडपट आणि ब्यूटेन दुप्पट, त्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणूनच ट्रेलरच्या तळाला झरोके ठेवलेले असतात. थंड वारा येतो म्हणून ते बुजवू नयेत, आणि भरलेली खोकी त्यांच्यावर सरकवू नयेत.

भरताना वजन कुठे जातंय याकडे लक्ष हवं. पाणी लिटरला किलो, म्हणजे भरलेली टाकी ५० किलोंची. ती अॅक्सलच्या पुढे आहे की मागे, यावर गाडीला ट्रेलर जोडायच्या हुकवर पडणारा भार बदलतो. जड वस्तू खाली आणि अॅक्सलजवळ, हलक्या वर. मागे जास्त भार गेला की वेगात ट्रेलर डोलायला लागतो. सामान रचायची पद्धत बदलली की हुकवरचा भार मी वजनकाट्यावर पुन्हा मोजते आणि ट्रेलर व गाडी दोन्हींच्या मर्यादांशी ताडून बघते.

बॅटरीबद्दल थोडक्यात. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो, त्यामुळे नुसत्या व्होल्टमीटरवरून ती किती भरली आहे ते कळत नाही. शंट, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा भाग, असलेला मॉनिटर हवा. आमच्यात तो आधीपासून होता, ही जमेची बाजू. लेड-अॅसिड असेल तर ती परतल्यावर लगेच पूर्ण चार्ज करा, अर्धवट उतरलेली ठेवली की तिच्या प्लेटांवर सल्फेट जमतं. टायरचा दाब थंड असतानाच बघायचा. सामान्य गाड्यांचे टायर झिजून बाद होतात, ट्रेलरचे बरेचदा वयाने. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा.

एकूण समाधान आहे का? हो, मनापासून. जागा कमी असल्यामुळे स्वच्छता आवाक्यात राहते, आणि सगळं ठरल्या जागी असेल तर नुसतं अन्न आणि कपडे टाकून निघता येतं. तक्रारी दोन: गादीखालचं सलग प्लायवूड, आणि पाण्याच्या टाकीला आत हात घालून घासता येईल असं झाकण नसणं. दुसरी अडचण नंतर दूर करणं फार कठीण. म्हणून ट्रेलर बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला छत उघडून दाखवायला सांगाच, पण स्वतः गादी उचला, खालची फळी बघा, टाकीचं झाकण उघडून कोपरापर्यंत हात आत जातो का ते पाहा, आणि पाणी काढून टाकायचा कॉक चाकाखाली न वाकता हाताला लागतो का तेही.