पश्चिमेच्या कुंपणाला काय लावू: बकुळ की करंज?

धायरीला मावसबहिणीने रो-हाउस घेतलं. गाडी, फरशी आणि पाण्याची टाकी वजा केली तर मोठं झाड लावायला जागा एकच उरते, पश्चिमेच्या कुंपणालगत. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिने नर्सरीतूनच फोन केला. "ताई, बकुळ कशी हिरवीगार आहे! करंजाला जेमतेम चार पानं, तीही पिवळी. बकुळच घेते ना?" मी म्हटलं, आज काहीच घेऊ नकोस. दोन-तीन आठवड्यांनी परत जा, करंज तेव्हा बघ आणि मग ठरव.

पुण्यात शिशिर आणि वसंत वेगवेगळे येतच नाहीत. एकीकडे पानगळ चालू असते, तेव्हाच दुसरीकडे पालवी फुटते. वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाच्या नुसत्या काटक्या गुलाबी फुलांनी भरतात, कडुनिंब पानं गाळत असतो आणि एखादा पिंपळ तांबूस पालवीने झळकत असतो. अशा दिवसांत जे हिरवं दिसेल ते चांगलं आणि जे उघडं ते रोगट, असा हिशेब केला की फसगत होते. आमच्या सोसायटीत याच दिवसांत एक चाफा 'मेला' म्हणून तोडला. मी खाली पोचले तेव्हा प्रत्येक घावातून पांढरा चीक ठिबकत होता. मला अजून त्याचं वाईट वाटतं. फांदी मेली की जिवंत, हे कळायला सालीवर नखाने हलकेच ओरखडा काढायचा. आत हिरवं, ओलसर दिसलं की झाड जिवंत आहे.

आता बकुळ. पान जाड, चकचकीत, कडेला किंचित लाट असलेलं. सदाहरित म्हणजे पानं गळतच नाहीत असं नाही. ती वर्षभर थोडीथोडी गळतात आणि झाड उघडं पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पश्चिमेच्या उन्हासाठी हा मोठा गुण आहे, कारण मार्चपासून दुपारनंतर भिंत तापायला लागते तेव्हा आडोसा तयार असतो. रस्त्याची धूळही अडते, फक्त आठवड्यातून एकदा नळीने पानं धुवायला हवीत. फुलं वाळली तरी वास टिकतो, हे वेगळं सांगायला नको. उणीव एकच, पण मोठी: बकुळ फार सावकाश वाढते. लावल्यावर दोन-तीन उन्हाळे नेमाने पाणी घाला आणि सावलीची घाई करू नका.

करंजाचा स्वभाव निराळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं पिवळी पडून भराभर गळतात, थोडे दिवस झाड उघडं दिसतं आणि मग पालवी येते. ती एकदा जवळून पाहाच. पोपटी, मऊ, तेलाचा हात फिरवल्यासारखी चमकणारी, सकाळच्या तिरप्या उन्हात आरपार दिसणारी. भर कोरड्या दिवसांत हे जमतं कसं? जुनी पानं गेली की त्यांच्यातून उडून जाणारं पाणी खोडात आणि फांद्यांत राहतं, त्यावर नवे कोंब फुटतात. शिवाय करंजाच्या मुळ्या खोल जातात. एप्रिलचं ऊन पेटेपर्यंत गर्द सावली तयार होते, मागोमाग पांढरट-जांभळट फुलांचा सडा पडतो. पालापाचोळा पोत्याने निघेल. तो जाळू नका, आळ्यात पसरा. पुढे पानांवर पुटकुळ्यांसारख्या गाठी येतात. दिसायला वाईट, पण झाड त्याने मरत नाही. खरी अडचण पसाऱ्याची आहे. वीस फूट मोकळी जागा नसेल तर करंजाच्या वाटेला जाऊ नका. झाड मोठं झाल्यावर तोडायचं म्हटलं तर 1975 च्या झाडे संरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते, आणि दरवर्षी छाटून बोडकं केलेला करंज बघवत नाही.

दोन्ही गोष्टी हव्या असतील तर सीता अशोक आहे. झाड सदाहरित, आणि कोवळी पानं तांबूस झुबक्यांनी अशी लोंबतात की कोमेजलीत असं वाटावं. पण त्याला ओल आणि अर्धी सावली लागते. पश्चिमेच्या उन्हात पानांच्या कडा करपतात, तेव्हा या जागेसाठी तो नको. नर्सरीत नुसतं 'अशोक' म्हणालात तर तो सरळसोट, उंच वाढणारा खोटा अशोक हातात पडेल. नाव पूर्ण सांगा.

पानगळीची झाडं निवडताना 'पानं गळतात का' यापेक्षा 'परत कधी येतात' हे विचारायला हवं. करंज आणि पिंपळ उन्हाळ्याच्या तोंडावर पालवतात. (पिंपळ घरालगत नकोच, मुळं भिंतीत शिरतात.) बहावा मात्र एप्रिल-मेमध्ये जवळजवळ निष्पर्ण असतो. फुलं डोळ्यांचं पारणं फेडतात, पण ऐन उन्हात त्याच्याखाली सावली शोधू नये. दक्षिणेच्या बाजूला चाफा उत्तम. थंडीत पानं नसल्याने कोवळं ऊन थेट खिडकीत येतं आणि उन्हाळ्यात पानं परत येतात. उघड्या चाफ्याला पाणी अगदी बेताने घाला, नाहीतर तो कुजतो.

तीन आठवड्यांनी बहीण पुन्हा नर्सरीत गेली. करंज पालवला होता आणि ती बराच वेळ त्याच्यापाशीच रेंगाळली. पण घरी टेपने मोजलं तर कुंपण ते भिंत अकरा फूट भरलं. मग बकुळच आणली, दीड हात उंचीची. करंजाचं रोप मी आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या कोपऱ्यासाठी घेतलं. आणि दक्षिणेच्या खिडकीसाठी माझ्या चाफ्याची हातभर फांदी कापून तिला दिली. सध्या ती तिच्या जिन्याखाली भिंतीला टेकून उभी आहे. चीक नीट वाळला की आठवड्याने मातीत जाईल.