पॅनेल, टॅब की पातळीनुसार गट? शाळा व्यवस्थापन समितीसाठी तुलनात्मक आढावा

जिल्हा परिषदेच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेसाठी लोकवर्गणीतून किंवा कंपनीच्या सामाजिक निधीतून दीड-दोन लाख रुपये उभे राहिले, की ते कशावर खर्च करावेत हा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीपुढे येतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि गावाने विश्वासाने दिलेला पैसा कपाटात कुलूपबंद होऊन पडू नये ही त्यांची काळजी अगदी रास्त आहे. साधारणपणे तीन पर्याय चर्चेत असतात: वर्गातील डिजिटल पॅनेल किंवा प्रोजेक्टर, मुलांच्या हाती टॅब, आणि मुलांचे त्यांच्या पातळीनुसार गट करून शिकवणे.

यांपैकी पॅनेल डोळ्यांत भरते. परिसर अभ्यासात हृदयाचे कार्य किंवा पृथ्वीचे परिभ्रमण दाखवायचे असेल, तर हलते चित्र फळ्यावरील आकृतीपेक्षा सरस ठरते यात शंका नाही. मात्र त्यासाठी महागडे पॅनेलच हवे असे नाही. साधा प्रोजेक्टर, पांढरी भिंत आणि शिक्षकांचा मोबाइल एवढ्यावर बहुतेक काम भागते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली, आणि २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. कोड मोबाइलने टिपला की धडा घरीही पुन्हा पाहता येतो, हे त्या कल्पनेचे बळ मला कोणत्याही यंत्रापेक्षा मोठे वाटते. पॅनेलची खरी मर्यादा अशी, की पडद्यावरील धडा साऱ्या वर्गासाठी एकाच वेगाने चालतो. चौथीतील ज्या मुलाला अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत, त्याच्यासमोर चौथीचाच पाठ रंगीत होऊन येतो, आणि तो पूर्वीइतकाच मागे राहतो. शिवाय वीजबिल थकल्याने जोडणी तुटलेल्या शाळेत पॅनेल ही नुसती काच असते.

टॅबच्या बाबतीत उपकरण आणि त्यातील अध्यापन यांत फरक करावा लागतो. रायगड जिल्ह्यातील खैराट येथे २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमातून प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला होता. याच उपक्रमाचा पेरू देशातील ग्रामीण शाळांमध्ये मोठ्या प्रमाणावर अभ्यास झाला, तेव्हा लॅपटॉप मिळाल्यावर सुमारे सव्वा वर्षाने मोजणी करूनही गणित व भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. उलट, वडोदऱ्यात ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, दोघांत एक संगणक देऊन गणिताचे खेळ खेळायला दिले, तेव्हा गणितात ठळक सुधारणा झाली; मात्र कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभरात त्यातील बराचसा लाभ ओसरला, ही बाबही विसरता येणार नाही. दिल्लीत २०१५ मध्ये ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या केंद्रांत साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत चांगली प्रगती दिसली. तेथील सहावी ते नववीची अनेक मुले आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे होती, आणि सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाला त्याला जेथपर्यंत येते तेथून पुढचे प्रश्न देत होते. जोडीला रोज अध्यापन साहाय्यकाकडून लहान गटात शिकवणीही होत होती. म्हणून टॅब घेताना मूल चुकले तर पुढचा प्रश्न बदलतो का, मजकूर मराठीत आहे का, आणि इंटरनेटशिवाय तो चालतो का, हे तीन प्रश्न विक्रेत्याला विचारावेत. पाठांचे व्हिडिओ तेवढे भरून दिलेला टॅब म्हणजे लहान आकाराचे पॅनेलच होय.

तिसऱ्या पर्यायात दाखवण्यासारखी वस्तू जवळजवळ नसते, म्हणून बैठकीत त्याची बाजू कोणी मांडत नाही. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांवर प्रत्येक मुलाचे वाचन एकेकट्याने तपासायचे आणि रोज ठरावीक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट बसवायचे, एवढीच ती पद्धत आहे. मुंबई व वडोदऱ्यातील ‘बालसखी’ कार्यक्रमात स्थानिक तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन बसत. तेथेही गुण वाढले, आणि दर मुलामागे खर्च संगणकाच्या कार्यक्रमापेक्षा कितीतरी कमी आला. या कार्यक्रमांच्या अभ्यासात सहभागी असलेले अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडे सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या (शिक्षण खात्याच्या एका छोट्या विभागाच्या) शाळांनी फरशीवर तैलरंगाने आखलेल्या आकृत्या, मणी, काड्या यांच्या आधारे ज्ञानरचनावादी, म्हणजे मुले स्वतः हाताळून शिकतील असे, वर्ग उभे केले, आणि ते पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक येत असत. या पद्धतीचा धोकाही सांगितला पाहिजे. बिहार व उत्तराखंडमधील प्रयोगांत नुसते प्रशिक्षण आणि साहित्य देऊन भागले नाही, कारण नेहमीचा अभ्यासक्रम उरकण्याच्या घाईत साहित्य तसेच राहिले. वेळापत्रकात राखून ठेवलेला तास आणि पाठपुरावा करणारे माणूस नसेल, तर हा पर्यायही कागदावरच राहतो.

माझे मत असे, की वाचन व अंकज्ञानात मुले मागे असतील तर पैशांचा मोठा वाटा गावातील बारावी झालेल्या एखाद्या तरुणीच्या वर्षभराच्या मानधनावर आणि वाचनसाहित्यावर खर्च व्हावा, उरलेल्या रकमेत एक प्रोजेक्टर घ्यावा. बहुतेक मुले इयत्तेप्रमाणे वाचत असतील आणि वीज नियमित असेल, तर पाच-सहा टॅब दोघांत एक या रीतीने वापरणे योग्य ठरेल. पॅनेल मी शेवटी ठेवीन, आणि तेही दुरुस्तीची लेखी हमी मिळाली तरच. शाळेत यांपैकी कोणती स्थिती आहे हे कळण्यासाठी दरपत्रके मागवण्याआधी एका शनिवारी समितीच्या सदस्यांनी शिक्षकांसह बसून प्रत्येक मुलाकडून दुसरीच्या पुस्तकातील एक उतारा वाचून घ्यावा; तीस-पस्तीस मुलांसाठी एक सकाळ पुरते.