घराची बांधकाम परवानगी : छोट्या प्लॉटवाल्यांनी घाबरू नका, पण भोगवटा प्रमाणपत्र (घर बांधून झाल्यावर राहायला जायचा दाखला) घ्यायचं सोडू नका

५ पैकी साडेतीन स्टार. हा रिव्ह्यू आमच्या तालुक्याच्या गावातल्या नगरपरिषदेच्या बांधकाम परवानगी विभागाचा आहे, गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण तिथल्या माणसांना त्रास व्हावा असं अजिबात वाटत नाही आणि यातलं बरंचसं मुंबई सोडून राज्यात बहुतेक ठिकाणी लागू पडेल.

मी आणि धाकटा भाऊ मिळून आईवडिलांसाठी घर बांधलं. मंजूर लेआउटमधला (म्हणजे प्लॉट पाडायचा नकाशा आधीच मंजूर झालेला) सव्वादोन गुंठ्यांचा प्लॉट, म्हणजे साधारण २२८ चौरस मीटर. परवानगी काढतोय म्हटल्यावर लेआउटमधल्या निम्म्या लोकांनी सांगितलं की अहो कशाला फाइलीच्या मागे लागता, बांधून टाका, पुढे दंड भरला की नियमित होतं. मला हे अजिबात पटत नाही. एक तर मंजूर नकाशा नसेल तर बँक बांधकामाला कर्ज देत नाही, दुसरं म्हणजे एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या ५२-५३ कलमाखाली नोटीस येऊ शकते, शिवाय घरपट्टीत अनधिकृत बांधकामाची शास्ती लागू शकते. आणि सगळंच नियमित होत नाही, सामासिक अंतरात (घराभोवती मोकळी सोडायची जागा, मार्जिन) घुसलेलं किंवा रस्त्यावर आलेलं बांधकाम कोण नियमित करून देणार?

आता चांगली गोष्ट आधी सांगतो, कारण ती खूप कमी लोकांना माहितीये. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभरासाठी एकच नियमावली आली, युडीसीपीआर म्हणतात ती. मुंबई, एमआयडीसी, थंड हवेची ठिकाणं असे काही भाग सोडले तर सगळीकडे तीच. तिच्यात छोट्या प्लॉटला खरंच मोठी सवलत आहे. प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंत असेल, म्हणजे साधारण दीड गुंठा, तर मालकीची कागदं, मोजणी किंवा लेआउटचा नकाशा, बांधायच्या घराचा नकाशा एवढं देऊन शुल्क भरायचं आणि ती पावती हीच परवानगी. १५० ते ३०० मध्ये असाल तर १० दिवसांत परवानगी द्यायची असा नियम आहे. मजल्यांची मर्यादा आहे, प्लॉटवर रस्ता, बाग असं सरकारी आरक्षण नको, लेआउट मंजूर हवा, हे सगळं आहेच, पण साधं घर बांधणाऱ्याला अडचण यायचं कारण नाही. आम्ही दुसऱ्या गटातले. आमच्यासारख्या ठिकाणी दाटवस्तीच्या बाहेर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते) १.१ मिळतो, म्हणजे २२८ वर २५० चौरस मीटर झाले, दोन मजली घराला हे पुरून उरतं, प्रीमियम भरून जादा घ्यायची गरजच पडली नाही.

मग वेळ कुठे गेला? नगरपरिषदेत नाहीच, त्याच्या आधीच गेला. मोजणीत. प्लॉट घेताना मोजणीची क प्रत (सरकारी मोजणीचा हद्दी दाखवणारा नकाशा) हातात नसेल तर आजच भूमी अभिलेखकडे अर्ज टाका, नियमित नको असेल तर जास्त फी भरून द्रुतगती मोजणी करता येते. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्र, मोजणीतलं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र यात फरक असला तर परवानगीला सगळ्यात कमी असेल तेच धरतात. आमच्या एका कडेला शेजाऱ्याचं कुंपण थोडं आत आलेलं होतं, त्या काकांशी बोलून ते आधी सरकवून घेतलं, त्यांनी काहीच खळखळ केली नाही, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच. हे नकाशा काढायच्या आधी व्हायला पाहिजे, नंतर सगळी मापं बदलतात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट इंजिनिअर. अर्ज ऑनलाइन जातो आणि ऑटोकॅडचं ड्रॉइंग ठरावीक लेयरमध्ये काढावं लागतं, प्लॉटची हद्द वेगळ्या लेयरवर, मार्जिन वेगळं, जिना, बाल्कनी, पार्किंग सगळं वेगळं, मग सॉफ्टवेअर ते मोजून कुठे नियमात बसतं कुठे नाही हे सांगतं. घर सुंदर काढणारा माणूस वेगळा आणि ही फाइल पास करून घेणारा वेगळा असू शकतो. आमचा इंजिनिअर तरुण मुलगा आहे पण त्याने गेल्या वर्षभरातल्या स्वतःच्या मंजूर फाइली दाखवल्या, म्हणून त्याला काम दिलं. तुम्हीही हेच विचारा, फी किती हे नंतर.

पैशाचं म्हणाल तर विकास शुल्क रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) जमीन दरावरून काढतात, राहत्या घराला जमिनीवर अर्धा टक्का आणि बांधकामाच्या क्षेत्रावर २ टक्के. वर छाननी फी असते. बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर असतो, पण स्वतःच्या राहत्या घराचा खर्च ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर तो लागत नाही, ही मर्यादा आधी १० लाख होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी कामगार संहिता लागू झाल्यापासून ५० लाख आहे. आमच्याकडे एकेका रकमेचं चलन आलं, सगळं ऑनलाइन भरलं, पावतीशिवाय कुणी एक रुपया मागितला नाही. हे ठळक लिहितोय कारण लोक उगाच धरून चालतात की पैसे चारल्याशिवाय होतच नाही.

दीड स्टार कापला तो त्रुटींसाठी. एक त्रुटी काढली, ती पूर्ण करून फाइल परत पाठवली, की दुसरी त्रुटी, आणि ती दुसरी पहिल्याच दिवशी दिसत होती! सगळ्या त्रुटी एकाच पत्रात दिल्या तर लोकांची केवढी धावपळ वाचेल. फाइल तपासणाऱ्या रचना सहायक मॅडम स्वभावाने फार चांगल्या, नकाशावर बोट ठेवून समजावून सांगायच्या, पण त्यांच्याकडे फाइलींचा ढीग आणि हाताखाली माणूस नाही, शासनाने या जागा भरायला हव्यात हे मनापासून वाटतं. कुणी म्हणेल ६० दिवसांत उत्तर आलं नाही की परवानगी मिळाली असं धरायचं. एमआरटीपी कायद्यात ते आहे, कलम ४५ मध्ये, पण तुमचा नकाशा पूर्ण नियमात बसत असेल तरच, नाहीतर तेच बांधकाम अनधिकृत ठरतं, त्यामुळे त्या भरवशावर खड्डे खणू नका. हातात आलेल्या परवानगीलाही एक वर्षाची मुदत असते, ती वाढवत वाढवत एकूण चार वर्षांपर्यंत जाते, म्हणून पैशाची जुळवाजुळव झाल्यावरच अर्ज करा.

बांधकाम सुरू झाल्यावर जोत्याची तपासणी आली. याला कंटाळा करू नका, उलट हीच तुमची सगळ्यात मोठी राखण आहे. जोत्यापर्यंत चूक असेल तर ती थोडक्यात सुधारते, स्लॅब पडल्यावर काय करणार. आमचा मिस्त्री मोठ्या अनुभवाचा, पण तो म्हणायचा साहेब दीड फूट गॅलरी बाहेर काढू, कोण बघतंय. बाबांनी त्याला सरळ सांगितलं की नकाशात आहे तेवढंच. त्या दीड फुटासाठी पुढे भोगवटा अडकला असता, तिथे बाबांचा शब्द फार मोलाचा ठरला.

आणि भोगवटा प्रमाणपत्राबद्दल तर हात जोडून सांगतो. आमच्या लेआउटमध्ये परवानगी घेतलेले बरेच आहेत, भोगवटा घेतलेले अगदी मोजके. वास्तुशांत झाली, राहायला गेलो, आता कशाला कागद, असं होतं. पण मुलाने दहा वर्षांनी घर विकायला काढलं किंवा त्यावर कर्ज घ्यायचं म्हटलं की बँकेचा वकील पहिला तोच कागद मागतो, तोपर्यंत इंजिनिअरचा फोन बंद, मूळ फाइल कुठे कुणाला माहीत नाही आणि मधल्या काळात वर पत्र्याची शेडही चढलेली. आम्ही काम संपल्याबरोबर इंजिनिअरचा पूर्णत्वाचा दाखला, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र, बांधून झालेल्या घराचा नकाशा आणि भरलेल्या चलनांच्या प्रती जोडून अर्ज केला, मॅडम स्वतः येऊन मार्जिन मोजून गेल्या आणि प्रमाणपत्र मिळालं.

गुंठेवारीतला किंवा लेआउट मंजूर नसलेला प्लॉट असेल तर वरचं १० दिवसांचं गणित तुम्हाला लागू नाही, आधी प्लॉट नियमित करून घ्यावा लागतो. खेड्यातल्या गावठाणाच्या जागेचंही वेगळं, तिथे ग्रामपंचायतीत विचारा. मंजूर लेआउटमधल्या तीन गुंठ्यांच्या आतल्या कुणाला कागदांची यादी हवी असेल तर खाली विचारा, आमच्या फाइलीत काय काय लागलं ते सगळं सांगतो.