एल्बो क्रच: आठ महिन्यांनंतर

परळला केईएमच्या आसपास सर्जिकल सामानाची दुकानं आहेत. तिथूनच गेल्या जूनमध्ये ॲल्युमिनियमची एल्बो क्रच, म्हणजे कोपराखाली हाताला आधार देणारी काठी घेतली, साडेआठशे रुपयांना. गरज होती आठ वर्षांपासून. पैसे नव्हते असं नाही, हातात काठी दिसली की सांगावं लागेल, ही भीती होती.

२००९ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, माझ्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला. गोळाही धातूचा, वाटीही धातूची, कोबाल्ट-क्रोमियमची. कमी वयाच्या पेशंटला हा जास्त टिकतो, असं तेव्हा सांगितलं गेलं. अशा सांध्यात चालताना धातूवर धातू घासतो, बारीक कण सुटतात, कोबाल्ट रक्तात उतरतं आणि सांध्याभोवतीचे स्नायू खराब होऊ शकतात. माझे झाले. जांघेतली कळ, कानात सतत घूं आवाज, दुपारीच अंग गळून जाणं, या सगळ्याला सहा वर्षं ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच उत्तर मिळालं. अखेर रक्त तपासलं तेव्हा कोबाल्ट लिटरला ४१ मायक्रोग्रॅम निघालं. ७ च्या वर गेलं की पुढच्या तपासण्या कराव्या लागतात. २०१६ मध्ये दुसरं ऑपरेशन झालं, सिरॅमिकचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी बसली. कोबाल्ट उतरलं. खुबा तोलून धरणारे स्नायू मात्र गेले ते गेलेच, आणि कानातला आवाजही राहिला.

तरी विचारणाऱ्याला मी ‘पाय मुरगळला’ म्हणायचे. दादरच्या पुलावर कठडा धरून चढायचे. लेडीज डब्यात उभी राहायचे, कारण धडधाकट दिसणाऱ्या बाईनं जागा मागायची तर सगळी कहाणी सांगायला हवी.

आता काठीबद्दल. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, म्हणजे माझ्या डाव्या. मी पहिला आठवडा उजव्या हातात धरली आणि कंबर धरली. मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. खालचं रबरी बूच मुंबईच्या रस्त्यांवर तीन महिन्यांत गुळगुळीत झालं. पावसात स्टेशनच्या ओल्या लाद्यांवर ते घसरतं, तेव्हा जून उजाडायच्या आत नवीन बसवा, चाळीस-पन्नास रुपयांचं काम आहे. उंची ठरवणाऱ्या बटणापाशी खडखड येते, ती मी चिकटपट्टी गुंडाळून थांबवली. मुठीचं प्लॅस्टिक तळहाताला घट्टे पाडतं. त्यावर जुन्या सुती ओढणीची पट्टी शिवली, आता बरं आहे.

पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, “पडलीस की काय गं?” मी म्हटलं, “नाही काकू. खुब्यात बसवलेल्या सांध्यानंच आजार दिला. आता हा कायमचा.” एवढं बोलायला आठ वर्षं. काकू काही बोलल्या नाहीत, माझ्या हातातली भाजीची पिशवी घेतली.

तेव्हापासून विचारेल त्याला खरं सांगते. ऑफिसात सांगितलं, दुपारी अर्धा तास आडवं व्हायला जागा मिळाली. दिव्यांगांच्या डब्यात चढते.

त्याच डब्यात नोव्हेंबरमध्ये एका ताईंनी काठीकडे पाहून विचारलं. मी सांगत गेले आणि त्या गप्प होत गेल्या. त्यांचाही खुबा त्याच सुमारास बदललेला, दुखत काही नाही, म्हणून कधी तपासलेलं नाही. मी म्हटलं, दुखत नसलं तरी आत काय चाललंय ते कळत नाही. घरी जाऊन डिस्चार्जची फाईल काढा, त्यात सांध्याचा स्टिकर असेल. त्यावर मॉडेल आणि लॉट नंबर असतो, तो घेऊन ऑर्थोपेडिककडे जा, धातूवर धातूचा सांधा आहे का ते विचारा, असेल तर रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम तपासायला सांगा. आणि त्रास निघालाच तर त्याची नोंद करायला २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम, म्हणजे वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम आहे, हेही सांगितलं. माझ्या वेळी हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

कुर्ल्याला उतरताना त्यांनी माझा नंबर घेतला. रात्री साडेदहाला फोटो आला: पिवळ्या पडलेल्या कागदावर चिकटवलेला स्टिकर, आणि खाली, “ताई, सापडला.”