स्ट्रेटनर घेताय? आधी टेंपरेचरचं बटण बघा

आठ महिने वापरून मग लिहितेय, कारण खोकं उघडलं त्या दिवशी सगळेच स्ट्रेटनर छान वाटतात. माझे केस दाट, कुरळ्यात जमा, कमरेच्या थोडे वर, आणि राहते चिपळूणला. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, मॉडेलं सारखी बदलतात, त्यापेक्षा काय बघून घेतला ते सांगते म्हणजे दुकानात उभं राहिल्यावर उपयोग होईल.

आधीचा होता तो चुलतबहिणीच्या साखरपुड्यासाठी घाईत घेतलेला. स्वस्तातला, त्यावर नुसतं चालू-बंदचं बटण, टेंपरेचर एकच, खोक्यावर २१० अंश सेल्सिअस लिहिलेलं पण ते वाचतंय कोण. त्या दिवशी केस नुकतेच धुतले होते, टॉवेलने पुसून पंख्याखाली दहा मिनिटं बसले आणि लावला. चर्र आवाज आला, वाफ निघाली, मला वाटलं असंच असतं. नसतं असं! केसात मुरलेलं पाणी एकदम उकळतं, त्याची वाफ होऊन केसाच्या आतच बुडबुडे धरतात आणि केस नेमका तिथे तुटतो. महिन्याभरात पुढच्या बटा अर्ध्यातून तुटायला लागल्या, आणि वाढलेला केस काही जिवंत नसतो, तो कशानेच भरून येत नाही, सिरम लावून नुसता चकाकतो. शेवटी चार बोटं कापावे लागले, खूप वाईट वाटलं होतं.

तर आत्ताचा हा २,२०० चा. १५० ते २३०, दहा-दहाने वाढतो, आकडा स्क्रीनवर दिसतो, आणि मी पैसे याचेच दिले. दुकानदार तापणाऱ्या प्लेटा कशाच्या त्यावर टूरमलाईन, टायटॅनियम वगैरे बरंच सांगतो. टायटॅनियम झटकन आणि कडक तापतं, ते रोज हातात धरणाऱ्या पार्लरवालीला ठीक, घरी सिरॅमिक कोटिंग पुरतं. त्यापेक्षा प्लेटा बंद करून उजेडासमोर धरा, मधून फट दिसली तर नको, कारण बट नीट दाबली जात नाही आणि मग तीच तीच बट आपण चारदा ओढतो. प्लेटची कड गोल हवी, आणि बोटाने दाबल्यावर प्लेट किंचित आत गेली पाहिजे.

मी १८० वर ठेवते. केस आधी पूर्ण कोरडे, म्हणजे मुळाशी हात घातला तरी गार लागता कामा नये, मग हीट प्रोटेक्टंट स्प्रे, म्हणजे उष्णतेपासून केस जपणारा, तो सुकू द्यायचा, दोन बोटं रुंदीची बट घ्यायची आणि एकदाच सावकाश खाली आणायचा. बहिणीचे केस पातळ आणि कलर केलेले, तिचे १५० ला होतात. आईचे पांढरे आहेत, जास्त तापवले तर पांढरे केस पिवळट पडतात म्हणून तिलाही १५० च. २३० पर्यंत मी कधीच गेले नाही आणि तुम्हीही जाऊ नका, तिथे केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो ते केराटिनच खराब व्हायला लागतं, माझ्या मते तो आकडा मशीनवर नसता तरी चाललं असतं.

आणि तेल! आपल्याकडे केसांना खोबरेल असतंच. तेल लावलेल्या केसांवर स्ट्रेटनर फिरवू नका, साधं खोबरेल १७५ च्या आसपास धुरायला लागतं, म्हणजे केस अक्षरशः तळले जातात. तेल आदल्या रात्री, सकाळी धुवा, वाळवा, मग काय ते.

एक खरं सांगते, जुलैत इथे हे काम टिकत नाही. उष्णतेने केसातले जे बंध तात्पुरते सुटून सरळ बसतात ते दमट हवेतला ओलावा लागला की पुन्हा मूळच्या जागी जातात, सकाळी ९ ला केलेले केस ११ ला परत कुरळे. त्यात मशीनचा दोष नाही, पण बरेच जण तेव्हाच टेंपरेचर वाढवतात, परत परत फिरवतात आणि तिथेच केसांची वाट लागते. मी पावसाळ्यात सरळ वेणी घालते.

तक्रारी दोन. टेंपरेचरचं बटण अंगठ्याखालीच येतं, लॉक नाही, धरता धरता १८० चं २०० होतं, त्यामुळे मधेमधे स्क्रीन बघावी लागते. आणि वायर आखूड आहे, माझ्या आरशापासून बोर्ड लांब, एक्सटेन्शन लावावं लागतं. वायर मुळाशी गोल फिरते ते मात्र चांगलंय, जुन्याची तिथेच पिळून पिळून आतली तार दिसायला लागली होती. झाल्यावर गरम मशीनला वायर गुंडाळू नका, गार झाल्यावर सैल गुंडाळा.

तासाभराने आपोआप बंद होतो, पण त्या भरवशावर राहू नका, तासभर म्हणजे खूप झाला. भाची चार वर्षांची आहे, तिच्यासाठी मी नियमच केलाय, मशीन पलंगावर ठेवायचं नाही, ओट्याच्या कडप्प्यावर मागे सरकवून ठेवायचं, वायर खाली लोंबू द्यायची नाही आणि प्लग काढूनच खोलीबाहेर जायचं. बंद केल्यावरही प्लेटा बराच वेळ चटका देतात. बाथरूममध्ये तर नकोच, ओले हात आणि वीज.

मला एकदा कानाच्या पाळीला चटका बसला. सासूबाई टूथपेस्ट घेऊन आल्या, मी म्हटलं आई नको, आणि नळाच्या साध्या गार पाण्याच्या धारेखाली २० मिनिटं कान धरला. बर्फ पण लावायचा नाही, आणि फोड मोठा आला तर डॉक्टरकडे जायचं. माझा डाग राहिला नाही.

पाचात चार देते. एक कापला त्या बटणासाठी.