नऊ वर्षांच्या टेम्पोला दोन वर्षांचं पासिंग

१४,७०० रुपये गेले. ८,००० यूपीआयवर, ६,७०० रोख. बदल्यात हाती आलं ते टेम्पोचं बनावट फिटनेस प्रमाणपत्र, म्हणजे तपासणीत गाडी पास झाल्याचा, पासिंगचा दाखला. गाडी तपासणीच्या ट्रॅकवर गेलीच नव्हती, अर्ज आरटीओच्या प्रणालीत तसाच पडून होता, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एका पीडीएफच्या भरवशावर माल भरलेली गाडी सात आठवडे रस्त्यावर धावत होती. त्या दिवसांत कुठे ठोकली असती तर विमा कंपनीने सगळ्यात आधी याच कागदावर बोट ठेवलं असतं. हे आठवलं की अजून झोप उडते.

आरटीओच्या फाटकाबाहेरचं टेबल, त्यावरचा फायलींचा ढीग आणि 'काम झालं समजा' म्हणणारा माणूस, हे चित्र गाडीवाल्यांना नव्याने सांगायला नको. एजंटाकडे गेलोच का, असं विचारणारे भेटतात. दिवसाचं भाडं बुडवून खिडक्यांना हेलपाटे घालणं ज्याची गाडी हप्त्यावर आहे त्याला परवडत नाही, म्हणून. शिवाय याच माणसाकडून आधी दोनदा गाडीचा कर भरून घेतला होता आणि दोन्ही वेळा काम चोख झालं होतं. मुदत संपायला चार दिवस राहिले होते, तारीख लवकरची मिळत नव्हती, आणि तो रोज सांगत होता की उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये चढत जातील. अशा वेळी माणूस घाई करतो.

मागितलेल्या पैशांचा हिशेब त्याच्याच हस्ताक्षरात आहे: फी आणि पासिंग ६,५००, रेडियमची पट्टी १,८००, गव्हर्नरचं (गाडीचा वेग बांधून ठेवणाऱ्या यंत्राचं) प्रमाणपत्र ३,२००, 'ट्रॅकचा खर्च' १,२०० आणि अर्जंटचे २,०००. यातल्या एकेका आकड्यात खोट आहे, म्हणून सगळे फोडून सांगतो.

सरकारी फी सरकारच्या परिवहन पोर्टलवर भरली जाते आणि तिची पावती निघते. गाडीच्या प्रकाराप्रमाणे आणि वयाप्रमाणे फी बदलते, पण जो आकडा असेल तो पावतीवर छापलेला असतो. माझ्या पावतीवरचा आकडा ६,५०० च्या पावभागही नव्हता. ती पावती मला मिळाली ती सगळं उघडकीला आल्यावर. पैसे देताना तिथल्या तिथे पावती मागा. 'संध्याकाळी पाठवतो' म्हणाला तर पैसेही संध्याकाळीच द्या.

'ट्रॅकचा खर्च' नावाची कुठलीही सरकारी फी नाही. तपासणीची फी एकदाच भरायची असते आणि ब्रेकची चाचणी तिच्यातच येते.

रेडियमचं पाहा. मालवाहू गाडीला पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूला पिवळी परावर्तक पट्टी लागते, आणि ती एआयएस-०९० मानकाची असावी लागते. खऱ्या पट्टीवर हे मानक ठरावीक अंतराने छापलेलं असतं आणि जवळून पाहिलं तर मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी दिसते. मला लावून दिलेली पट्टी साधी चकचकीत होती. पहिल्याच सर्व्हिसिंगला पाण्याचा फवारा बसला तसे तिचे कोपरे उचलले गेले. नखाने ओढली तर अख्खी पट्टी निघून हातात आली आणि फाळक्यावर चिकट पिवळट गोंद राहिला. पट्टी लावून घेतानाच तिचा कोपरा नखाने खरवडून पाहायचा. खरी असेल तर सहजासहजी सुटत नाही.

गव्हर्नरच्या ३,२०० चा राग सगळ्यात जास्त आहे. १ ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या वाहतूक गाड्यांना, नियमात सूट दिलेले प्रकार सोडून, ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा कंपनीतूनच बसवून येते. टेम्पो २०१६ चा आहे. म्हणजे जी गोष्ट गाडीत पहिल्या दिवसापासून आहे तिचंच प्रमाणपत्र मला नव्याने विकलं. त्या कागदावर वेगळ्याच यंत्राचा क्रमांक होता आणि ते यंत्र गाडीत कुठेच नव्हतं. आता कुणी गव्हर्नर गळ्यात मारायला आला तर आधी गाडी कधी बनली ते आरसी बुकात बघा, आणि कागदावरचा क्रमांक बॉनेट उघडून यंत्रावर दाखवायला सांगा.

आता ती गोष्ट, जी तेव्हाच दिसायला हवी होती.

पीडीएफ आली तेव्हा तिच्यावर पुढच्या दोन वर्षांनंतरची तारीख होती. वाहतूक गाडीचा नियम सरळ आहे: नव्या गाडीला पहिलं फिटनेस दोन वर्षांचं, नूतनीकरण आठ वर्षं वयापर्यंत दोन-दोन वर्षांचं, आणि आठ वर्षं उलटली की दर वर्षी पासिंग. टेम्पोला नऊ वर्षं झाली आहेत. त्याला दोन वर्षांचं प्रमाणपत्र मिळूच शकत नाही. हा नियम मला पाठ होता, दुसऱ्यांना मी तो सांगितलाही आहे. तरी ती तारीख पाहून मनात आलं ते इतकंच, की बरं झालं, एका वर्षाची दगदग वाचली. त्याला फोन करून विचारलंही. तो म्हणाला, "शेठ, साहेब आपले आहेत, करून घेतलं." आणि मी त्याचे आभार मानले! त्या एका फोनची लाज १४,७०० रुपयांपेक्षा मोठी आहे.

त्याच्या आधी एकदा चुकलोच होतो. "गाडी आणायची गरज नाही, चारी बाजूंचे फोटो पाठवा," असं तो म्हणाला होता. पासिंग म्हणजे गाडीची तपासणी. निरीक्षक किंवा तपासणी केंद्र गाडी समोर उभी करून तपासतं, गाडीचे फोटो तिथेच काढून प्रणालीत चढवतं. गाडीशिवाय पासिंग होत असेल तर ते पासिंगच नव्हे. पण भरलेली गाडी दुसऱ्या जिल्ह्यात होती, ड्रायव्हर तिकडेच अडकला होता, आणि ते वाक्य त्या दिवशी मला सोयीचं वाटलं.

बरेच जण विचारतात की मोबाईलवर मेसेज कसे आले नाहीत. कारण त्याने गाडीच्या नोंदीतला मोबाईल क्रमांकच बदलून टाकला होता. त्यासाठी चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, नोंदणीची तारीख असा तपशील लागतो, आणि तो सगळा मी दिलेल्या आरसीच्या झेरॉक्सवर होता. त्यानंतर अर्जाचा प्रत्येक ओटीपी, 'तपासणीला हजर राहा' हा प्रत्येक निरोप त्याच्या फोनवर जात राहिला आणि मला ताकास तूर लागला नाही. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा: 'फक्त फिटनेस नूतनीकरणासाठी', खाली तारीख आणि सही. ओटीपी आपल्याच फोनवर येतोय ना, हे काम सुरू होण्याआधी तपासा. येत नसेल तर क्रमांक आधी आपला करून घ्या.

उघडकीला आलं ते रस्त्यावरच्या तपासणीत. आरटीओच्या वायुवेग पथकाने गाडीचा नंबर टाकला तेव्हा फिटनेसची मुदत संपलेली दिसली. ड्रायव्हरने पीडीएफ दाखवली, त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर एक हुबेहूब दिसणारं पान उघडलं. पण त्याच्या पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन नव्हतं. कोडवर भरवसाच ठेवू नका. सरकारचं एम-परिवहन अ‍ॅप अधिकृत स्टोअरमधून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल उघडूही नका, आणि अ‍ॅपमध्ये आपल्या गाडीचा नंबर टाकून 'फिटनेस वैधता' ही ओळ वाचा. अर्धा मिनिट लागतो. सात आठवडे मी तो अर्धा मिनिट काढला नाही.

फिटनेस नसलेली वाहतूक गाडी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे वैध नोंदणी असलेली धरलीच जात नाही. म्हणून कलम १९२ लागतं: पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड, पुढच्या वेळी १०,००० पर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. 'मला फसवलं' हे तिथे चालत नाही. दंड मालकाच्या नावावर पडतो.

मग खरं पासिंग करायला गाडी ११ दिवस उभी राहिली. दिवसाचं भाडं २,३०० धरलं तर २५,३०० रुपये आणखी बुडाले. आणि गाडी खरोखरच नापास होण्यासारखी होती! मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकचा व्हील सिलिंडर गळत होता, ब्रेक ऑइलने चाक धरणारा लायनर भिजून काळा पडला होता. पेडल दाबलं की उजवं चाक धरायचं आणि डावं घसरायचं, त्यामुळे गाडी उजवीकडे ओढायची. रिकाम्या गाडीत ड्रायव्हरला ते जाणवत नाही, भरलेल्या गाडीत उतारावर जाणवतं, तोवर उशीर झालेला असतो. दोन्ही बाजूंचे सिलिंडर, लायनर आणि ऑइल मिळून २,८५० रुपये लागले. एका बाजूचाच लायनर बदलून चालत नाही, दोन्ही चाकांची पकड सारखी राहत नाही. ऑइल गळतं तिथे चाकाच्या आतल्या बाजूला ओली काळी धूळ चिकटलेली दिसते. पासिंगला नेण्याआधी चारी चाकांच्या आत टॉर्च मारून पाहाच.

बाकी गाड्या कशाने नापास होऊन परत येतात तेही बघा. हेडलाइटचा झोत वर चढलेला असतो. स्टिअरिंगचा मोकळा फेर ३० अंशांच्या वर गेलेला असतो, म्हणजे टायरॉड एंड किंवा किंगपिन हे स्टिअरिंगचे सांधे झिजून संपलेत. हँडब्रेक चढावर गाडी धरत नाही. नंबरप्लेटचा दिवा बंद असतो, वायपर काचेवर पट्टे ओढतो, टायरची नक्षी झिजलेली असते. दिवा, बल्ब, वायर ही तासाभराची कामं आहेत, ती घरून करून जा. विमा, पीयूसी, कर आणि आठ वर्षांवरच्या वाहतूक गाडीचा पर्यावरण कर, यातलं काही थकलं असेल तर अर्ज तिथेच अडतो, आणि एजंटाला नेमकी तीच गाठ पैसे लावून सोडवायची असते. नापास केलंच तर कारण लेखी मागा. कलम ५६ मध्येच ते लेखी देण्याचं बंधन आहे. तोंडी 'परत आणा' ऐकून माघारी फिरलात की फाटकाबाहेर तुमची वाट बघणारे उभेच असतात.

आता तक्रारीचं. आरटीओत गेलो तर उत्तर मिळालं, "एजंटांशी कार्यालयाचा संबंध नाही." फाटकापासून वीस पावलांवर रोज टेबल लागतं, त्या टेबलावरच्या फायली आत जातात, त्या माणसाला आतले लोक नावाने हाक मारतात, आणि संबंध नाही! मोबाईल क्रमांक कुणी, कधी बदलला याची नोंद मागितली तर अर्ज आवक करून घ्यायलाच दोन दिवस लावले. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा पैशांचा व्यवहार आहे, दिवाणी दावा करा. बनावट सरकारी दाखला पुढे केला तर म्हणाले, आरटीओने तक्रार द्यायला हवी. आरटीओ म्हणतं, फसवणूक तुमची झाली, तुम्ही द्या. दुसऱ्या ठाण्यात हद्दीचा वाद काढला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा कळलं की पैसे जाऊन सात आठवडे झाले आहेत, खात्यात आता अडवायला काही उरलेलं नाही. तो क्रमांक पहिल्या काही तासांत उपयोगी पडतो. म्हणून संशय आला की आधी तिथे फोन, भांडण नंतर. चार ठिकाणी गेलो, चारही ठिकाणी मलाच विचारलं, "तुम्ही पैसे दिलेच कशाला?" दंड भरून घेताना मात्र कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही.

ठाण्यात टोलवाटोलवी झाली तर नुसते परत येऊ नका. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, बनावट दस्तऐवजाला ३३६ आणि तो खरा म्हणून वापरण्याला ३४० आहे. हे आकडे तक्रारीत लिहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. नोंदवत नसतील तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते आणि त्यापुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी ती रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. सोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक, त्याच्या हस्ताक्षरातला हिशेब, व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण आणि बनावट पीडीएफ जोडली. ६,७०० रोख दिल्याचा पुरावा म्हणून फक्त त्याचा 'मिळाले' असा एक आवाजी निरोप आहे, तो दोन ठिकाणी साठवून ठेवलाय. पोच पावती आली, त्यापुढे अजून काही नाही.

ज्यांनी या वर्षी पासिंगचं काम बाहेर दिलंय त्यांनी आज रात्रीच गाडीचा नंबर टाकून वैधतेची तारीख वाचा, आणि पोर्टलवर आपल्या नोंदीतल्या मोबाईलचे शेवटचे आकडे कुणाचे आहेत तेही पाहा.